मागची सीट काढली तेव्हा

भात कापून झालं की रोह्याबाहेरच्या सुक्या शेतात आम्ही हौशी मंडळी रस्त्यावर ठेवतात तसले प्लास्टिकचे कोन मांडतो आणि घड्याळ लावून एकेक गाडी पळवतो. त्यासाठी वजन कमी करायला मी घरच्या जुन्या गाडीची मागची सीट काढली, कडक स्प्रिंगा बसवल्या. वडिलांनी आत डोकावून पाहिलं आणि खूश झाले. "बरं केलंस! आता गणपतीला टेम्पो नको."

झालं! वरसे गावातल्या आमच्या अख्ख्या आळीचे गणपती पेणहून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. देवाचं काम, नाही म्हणायची सोय नव्हती. टायरची हवा कमी केली तरी गाडी हादरे देतच होती. मागे गादीवर वडील मूर्ती धरून बसलेले, खड्डा आला की ओरडायचे, "सावकाश रे, देव हाय!" तीन खेपा मी दुसऱ्या गियरमध्ये दात-ओठ खात केल्या. एकाही मूर्तीला ओरखडा पडला नाही, म्हणून आळीने हे काम कायमचं माझ्या नावावर करून टाकलं.

दिवाळीनंतर शर्यत झाली. माझा एकही कोन पडला नाही आणि मी सगळ्यांत शेवटी आलो. मागे गादी नव्हती, वडीलही नव्हते. तरी प्रत्येक वळणाला माझा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उचलला जात होता.