कोर्टातलं ‘बरं हाय’

आमच्या ह्यांना कुणी ‘कसं काय?’ विचारलं की ‘बरं हाय’ याखेरीज दुसरं उत्तर यायचं नाही. सोनईच्या फाट्यावर ट्रकनं आमची बैलगाडी उडवली, ह्यांचा पाय चेचला, तेव्हा धावत आलेल्या ट्रकच्या क्लीनरलाही हे म्हणाले, “बरं हाय. तुमाला कुटं लागलं न्हाई ना?” मी शेजारी मातीत बसून ऐकत होते. असला नवरा घेऊन मी नगरच्या कोर्टात भरपाई मागायला निघाले होते.

गुडघा वाकायचा कायमचा बंद झाला होता. नांगरामागं चालणं संपलं. कोर्टानं जन्माचा अधूपणा मानला तर भरपाई, पाय बरा झाला असं ठरलं तर हात हलवत घरी. आमच्या वकिलांनी बजावलं होतं, “‘दुखतं’ एवढंच म्हणा. जमलं तर जरा कण्हा.” एसटीत मी तालीमच घेतली. घोडेगाव येईस्तोवर हे इतकं झकास कण्हायला लागले की पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं मळमळतंय समजून लिंबू काढून दिलं.

कोर्टात विमा कंपनीच्या वकिलानं आधी नमस्कार केला. मग अगदी घरच्यासारखं विचारलं, “काय पाटील, कशी काय तब्येत आता?”

“बरं हाय,” हे म्हणाले. वर आणखी, “तुमची किरपा.”

आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. कंपनीचा वकील ‘आणखी काही विचारायचं नाही’ म्हणत खुशीत खाली बसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मागनं ओरडले, “साहेब, ह्ये मरताना बी बरंच हाय म्हनत्याल!”

लोक हसले. जज्जसाहेबांनी मला गप्प बसवलं आणि ह्यांना म्हणाले, “खाली मांडी घालून बसा पाहू.”

पंगतीला बोलावल्यासारखे हे लगेच पिंजऱ्यातून बाहेर आले आणि एक पाय ताठ ठेवून धप्पकन बसले. दोन्ही हातांनी गुडघा दाबून पाहिला. वाकेना. मग उठताही येईना. तोंड घामानं डबडबलं. शिपायानं आणि मी काखेत हात घालून उभं केलं, तर हे साहेबांकडं बघून म्हणतात, “बरं हाय, बरं हाय.” या खेपेला कुणी हसलं नाही. पुढं निकाल आमच्या बाजूनं लागला.

त्या दिवशी परतीच्या एसटीत ह्यांचा पाय वाटेत आडवा आला. कंडक्टरनं विचारलं, “काय झालं पाव्हनं?”

“काय न्हाई. बरं हाय.”

तो पुढं गेला. खिडकीबाहेर बघत हे हळूच म्हणाले, “लई दुखतंय गं.”

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

“आन् ह्ये आता सांगताय व्हय?” म्हणून मी भांडायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. मागच्या बाकावरच्या बाईनं खांद्याला हात लावला. “काय झालं गं बाई?”

मी पदरानं डोळे पुसले.

“काय न्हाई. बरं हाय.”