काउंटरवरची फिरती फळी

माझ्या सासूबाईंना हॉटेलात सगळे 'वाचाबाई' म्हणतात. मागून म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. बंदराजवळच्या त्या अठ्ठावीस खोल्यांच्या हॉटेलात त्या एकतीस वर्षं स्वागताच्या काउंटरमागे उभ्या आहेत, आणि न वाचता केलेली सही त्यांनी कधी चालवून घेतलेली नाही. "वाचा, मग सही करा," हे त्यांच्या जिभेवर इतकं बसलंय, की एकदा घरी आलेल्या कुरिअरवाल्यालाही म्हणाल्या. तो बिचारा खोक्यावरचा पत्ता मोठ्याने वाचायला लागला.

काउंटर उंच आणि सासूबाई बुटक्या. जाडजूड रजिस्टर उचलून पाहुण्याकडे वळवताना त्यांचा हात भरून यायचा. सासरे सुतार. त्यांनी सागाची एक गोल फळी करून दिली, खाली लोखंडी चकती बसवली. बोट लावलं की फळी गर्रकन फिरते आणि रजिस्टर पाहुण्यासमोर. मला दिसतं ते समोरच्यालाही दिसलंच पाहिजे, एवढंच त्या फळीचं काम. तिच्यावर आधी रजिस्टर होतं, मग बिलं आली, मग कार्डाचं मशीन.

आता सहा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सासऱ्यांच्या डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोघं परदेशी गेले. पहिलाच विमानप्रवास, एकोणीस दिवसांचा मुक्काम. दवाखान्यासमोरच्या लॉजमधल्या बाईने कार्ड घेतलं आणि गोड हसून विचारलं, "तुमच्याच चलनात घेऊ ना?" सासूबाईंनी पडद्यावर पाहिलं तर आपल्या देशाचं चलन. "अगं, त्या गावात एक पाटी वाचता येत नव्हती," त्या मला नंतर म्हणाल्या, "आणि तिथे आपलं चलन दिसलं. माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं मला." त्या हो म्हणाल्या. लॉजवर हो, औषधांच्या दुकानात हो, चष्म्याच्या दुकानात हो. एकोणीस दिवस हो.

परत आल्यावर बँकेचा कागद आला. आकडा काही जुळेना, म्हणून त्या तो घेऊन बँकेत गेल्या. मी सोबत होते. तिथल्या कारकुनाने समजावलं, "बाई, तिथलं चलन निवडलं असतंत तर चलनबदलीचा भाव आपल्या बँकेकडून लागला असता. तुम्ही आपलं चलन निवडलंत, म्हणजे भाव त्यांच्या मशीनने ठरवला. शंभरामागे सहा-सात जास्तच गेले. वर परदेशी व्यवहाराचा आकार आम्ही घेतलाय, तो वेगळा."

त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. गेलेले पैसे सासऱ्यांच्या उजव्या डोळ्यासाठी राखलेले होते, ते ऑपरेशन तेव्हापासून लांबलं ते लांबलंच. पण त्यांना जास्त लागलं ते दुसरंच. "पंचवीस वर्षं काउंटरच्या आत काढली," त्या म्हणाल्या, "आणि बाहेर उभी राहिले तर न वाचता हो म्हणाले. ती बाई हसली आणि मी भुलले." मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहून दाबलं.

गेल्या वर्षी थोरल्या मालकांनी कारभार सोडला आणि धाकटे मालक आले. हा मुलगा त्याच काउंटरखाली खेळत मोठा झालेला, सासूबाईंना अजून काकू म्हणतो. काकू म्हणूनच गळा कापायचा, ही नवीन रीत. त्याने नवं मशीन आणलं आणि सांगितलं, "काकू, परदेशी कार्ड असलं की पडद्यावर दोन चौकोन येतात. एकात पाहुण्याचं चलन, दुसऱ्यात आपलं. पाहुण्याचं चलन असेल तो चौकोन तुम्हीच दाबायचा. त्याच्या हातात मशीन द्यायचं ते फक्त पिन टाकायला."

"आणि त्याला विचारायचं नाही?"

"कशाला गोंधळात टाकायचं? त्याला घरचा आकडा दिसतो, बरं वाटतं. आपल्याला त्यातला वाटा मिळतो."

"बरं वाटतं ते मला ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या. "बरं वाटायचे पैसे मी मोजलेत."

आणि त्यांनी पुढच्या प्रत्येक परदेशी कार्डाला मशीन फळीवर ठेवून गर्रकन फिरवलं. "हे तुमचं चलन, हे आमचं. तुमचं घेतलंत तर भाव या मशीनचा, आमचं घेतलंत तर तुमच्या बँकेकडचा. बहुतेक वेळा आमचं स्वस्त पडतं. वाचा आणि तुम्हीच दाबा." बहुतेक पाहुणे 'आमचं' दाबायचे. महिनाअखेरीला वाटा जेमतेम आला. मालकांनी फळी उचलून मागच्या व्हरांड्यात कुंडीखाली ठेवली. सासूबाई मशीन दोन्ही हातांनी उचलून फिरवायला लागल्या. मग मालकांचं ताकिदीचं एक समजपत्र आलं, मग दुसरं; तिसऱ्याला नोकरी जाते.

आता माझं सांगते, लपवत नाही. मी घाबरले. त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. पूर्ण नोकरीची रक्कम हातात पडली की उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. त्या रकमेवर सासऱ्यांचा डोळा होता, अगदी खराखुरा. आता त्यांना उजव्या बाजूचा चहाचा कपही चाचपून उचलावा लागत होता. मी हात जोडले. "आई, चौदा महिने. एक बटण. जगाचा मक्ता आपण घेतलाय का?"

"नाही घेतला. तू जाऊन उभी राहा तिथे आणि दाब."

सासऱ्यांकडे पाहिलं, म्हटलं ते तरी समजावतील. ते म्हणाले, "मला एका डोळ्याने दिसतंय तेवढ्यात कळतंय, ही ऐकणार नाही." आणि हसत बसले. असं हे घर.

दुसऱ्या पत्रानंतर आठवड्याभराने मी नेहमीसारखी एक वाजता डबा घेऊन गेले. सासूबाई एका वयस्क जोडप्याचं बिल करत होत्या. मशीन फिरवलं, समजावलं, त्या बाईंनी चष्मा लावून वाचलं आणि 'आमचं' दाबलं. मालक जिन्यापाशी उभे राहून बघत होते. जोडपं टॅक्सीत बसेपर्यंत थांबले, मग एक टाइप केलेला कागद काउंटरवर ठेवला, वर स्वतःचं पेन.

"काकू, इथे सही करा. मानाने जा. छान निरोप समारंभ करू."

 सासूबाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. धोबी कपड्यांचं गाठोडं घेऊन तिथेच थांबला. सोफ्यावरच्या दोन पाहुण्यांनी माना वळवल्या.

"'मी प्रकृतीच्या कारणास्तव, स्वेच्छेने राजीनामा देत आहे.'" त्या थांबल्या. "प्रकृती ठणठणीत आहे माझी. आणि स्वेच्छा कुणाची?"

"काकू, ती नुसती भाषा असते."

"'मुदतीपूर्वी जात असल्याने पूर्ण रकमेवर माझा हक्क राहणार नाही.' ही पण भाषाच का?"

मालकांनी पेन आणखी पुढे सरकवलं.

"मशीनवर पाहुण्याचा चौकोन तुम्ही दाबायला सांगता. इथे माझाही दाबून आणलात. फक्त पिन टाकायला माझ्या हातात दिलंत." त्यांचा आवाज चढला होता आणि त्यांनी तो खाली आणला नाही. "मला काढायचंय ना? काढा. पण मी जाते असं लिहू नका, तुम्ही काढता असं लिहा. आणि कारण लिहा."

"कारण काय लिहू?"

"खरं. पाहुण्याला विचारून पैसे घेतले म्हणून काढलं. खाली तुमची सही. मी वाचेन, मग घेईन." त्यांनी कागद उलटा केला, कोरी बाजू मालकांकडे सरकवली आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

पेन हातात धरून मालक उभे राहिले. मी त्या पेनाकडेच बघत होते. कागदावर एक ठिपका पडला. सोफ्यावरच्या पाहुण्याने विचारलं, "काय झालंय?" मालकांनी पेनाचं टोपण लावलं, कागदाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "जेवून घ्या काकू."

"जेवते. आधी माझी फळी."

त्या स्वतः व्हरांड्यात गेल्या. कुंडी जड होती, धोबी गाठोडं टाकून धावला, त्याला त्यांनी हात लावू दिला नाही. कुंडी सरकवून फळी काढली, पदराने पुसली, काउंटरवर ठेवली आणि मशीन वर. मग डबा उघडला. त्या चवीने जेवल्या. वर भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या.

चौदापैकी नऊ महिने झालेत. तिसरं पत्र आलेलं नाही.

गेल्या आठवड्यात मी डबा घेऊन गेले तेव्हा एक थकलेला माणूस काउंटरवर होता. बायको आजारी आहे, उपचारांसाठी आणलंय, असं सांगत होता. सासूबाईंनी फळी फिरवली, नेहमीसारखं सगळं समजावलं, दोनदा समजावलं. तो पडद्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि त्याने स्वतःच्या देशाचं चलन दाबलं. सासूबाईंनी पावती दिली.

तो गेल्यावर मी चिडले. "एवढं सांगूनही तेच दाबलं! मग तुम्ही नोकरी कशासाठी पणाला लावलीत?"

"मीही तेच निवडलं होतं," त्या म्हणाल्या. "पण मला कुणी सांगितलं नव्हतं." आणि पुढच्या पाहुण्याकडे फळी फिरवली.