शोभाबाईंच्या नावाची परब

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या रंगमास्तरांइतका बायकोच्या धाकात असलेला विधुर अख्ख्या सुरतेत सापडायचा नाही. बायको होती तेव्हा हा धाक नव्हता. तेव्हा ते तिला हाकसुद्धा मारत नसत. भिंतीकडे बघून "आयकस का" एवढं म्हणायचे आणि ती आतून चहा घेऊन यायची. ती गेली, आणि मास्तर तिला विचारल्याशिवाय चप्पलही पायात घालेनासे झाले.

मास्तर मूळचे धुळ्याकडचे. पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये त्यांनी आयुष्यभर कापड रंगवलं. रंग पसंत करायचा तर तो तीन उजेडांत बघायचा, उन्हात, सावलीत आणि ट्यूबलाइटखाली, हा त्यांच्या धंद्याचा नियम. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो साऱ्या सृष्टीला लावला. वरणाची वाटी घेऊन ते गॅलरीत जात, मग जिन्यात, मग पुन्हा आत, आणि तोवर वरण थंड झालं म्हणून त्यांची बायको शोभाबाई ते परत गरम करत. टोमॅटोवाला त्यांना लांबून पाहिलं की गाडी फिरवायचा. एकदा जिन्यात माझ्या नवऱ्याला अडवून म्हणाले, "साहेब, आज तुम्ही अर्धा शेड उतरलात." नवरा हसत ऑफिसला गेला आणि संध्याकाळी हिवताप घेऊन आला. तेव्हापासून मास्तरांनी रोखून पाहिलं की आमच्या घरात सगळ्यांना जरा गार वाटतं.

शोभाबाईंच्या दहाव्याला तापीच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. दोन तास झाले. भटजी घड्याळ बघायला लागले. मास्तर हात जोडून एकेक वचन देत होते: तंबाखू सोडीन, तुझ्या तुळशीला पाणी घालीन, तुझ्या बहिणीशी बोलेन. कावळे काठावर रांगेने बसून ऐकत होते. शेवटी मास्तर म्हणाले, "तुझ्या नावाची परब बांधीन." परब म्हणजे आपली पाणपोई. पहिला कावळा लगेच उतरला.

वचनात शोभा होती. पूर्वी चाळीत राहत असताना पाळी सुटून येणाऱ्या कामगारांसाठी शोभाबाई दाराबाहेर माठ भरून ठेवायच्या. तेव्हा परब मिलच्या रस्त्यावरच हवी, हे ठरलं. बाकीचं ठरवायला मास्तर माझ्याकडे आले, कारण सोसायटीची कामं मीच बघते. मी यादी केली: जागेची परवानगी, गवंडी, छप्पर, फरश्या, दोन माठ, कुलपाची झाकणं, साखळीचा पेला, नावाची पाटी. सगळं महिन्यात झालं असतं. फरश्यांनी दोन महिने घेतले. मास्तर एकेक नमुना शोभाबाईंच्या फोटोसमोर धरायचे, सकाळी, दुपारी आणि दिवा लावल्यावर, आणि खाली येऊन मला निकाल सांगायचे, "तिले पसंत नही." हे तुम्हाला कसं कळतं, असं मी विचारलं. "चेहरा उतरतो," ते म्हणाले. वैतागून मी स्वतः वर जाऊन उभी राहिले. मास्तरांनी हिरवी फरशी धरली, मग आकाशी. आकाशीला फोटोतला चेहरा खुलला; फरशीचा उजेड काचेवर पडला असणार. मी त्यानंतर फोटोकडे पाहायचं टाळलं आणि आकाशी फरशी मागवली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, परब सुरू झाली. खानदेशात त्या दिवशी गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात आणि सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, तेव्हा मुहूर्त याहून चांगला नव्हता. काळ्या दगडावर पांढऱ्या अक्षरांत शोभाबाईंचं नाव. संध्याकाळी आम्ही दोन्ही माठ काठोकाठ भरले, कुलपं लावली.

सकाळी दोन्ही माठ रिकामे होते. कुलपं जशीच्या तशी आणि खालची जमीन खडखडीत कोरडी. पुन्हा भरले, पुन्हा तेच. मी क्रमाने कारणं काढली. माठ पाझरत असतील म्हणून ते घरी आणून भरले. दोन दिवसांत थेंब कमी झाला नाही. कुलपं बदलली. समोरच्या पानवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, "बेन, कोई आवतुं नथी." येत नव्हतं हे तर खरंच. भर वैशाखात घामाघूम कामगार परबेसमोरून मान खाली घालून जायचे आणि पानवाल्याकडे पाणी मागायचे. का, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

मास्तर आठ दिवसांत वाळले. "ती येतच नाहीये, ताई," ते म्हणाले. "एवढं वचन दिलं, तेही खोटं पडलं." त्या दिवशी मी त्यांना बळेच परबेपाशी बसवून विचारलं की, आपण काही विसरलो का? त्यांनी पाटीकडे पाहिलं. मग ओशाळून सांगितलं. बाईंचं माहेरचं नाव सुपडाबाई. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मताच तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवली होती, मरणाला ती केर वाटावी म्हणून. मास्तरांना ते नाव गावंढळ वाटलं. लग्नात त्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने शोभा लिहिलं.

"ती तेव्हाच म्हणाली होती," मास्तर म्हणाले, "या नावाला मी ओ देणार नाही. मला वाटलं, चेष्टा करतेय. आणि मी कधी नावाने हाकच मारली नाही."

नवी पाटी यायला चार दिवस लागणार होते. मी म्हटलं, तोवर तोंडी हाक मारून बघा.

सत्तरीचा माणूस कानापर्यंत लाल झाला. ऐन दुपार होती, रस्ता रिकामा. सकाळी भरलेल्या माठाचं झाकण काढून त्यांनी मला पाठ फिरवायला लावली. मागे दोनदा खाकरणं ऐकू आलं, एकदा "आयकस का" निघालं आणि अर्ध्यात थांबलं. मग, अगदी हळू, "सुपडे."

ओ आली. कामात असलेल्या बाईने द्यावी तशी, जराशी त्रासिक.

मी वळले. मास्तर एकटेच माठाचा काठ धरून उभे होते आणि आतल्या पाण्यावर वर्तुळं पसरत होती. माठावर वाकून हाक मारली की आवाज परत येतो, हे मला कळतं. पण मग 'सुपडे' परत यायला हवं होतं.

आता पाटीवर सुपडाबाई आहे, परबेवर गर्दी असते, आणि माठ लोक पितात तेवढेच उतरतात. मास्तर दिवसभर तिथे स्टुलावर बसून कारण नसताना तिला हाका मारतात. सुपडे, ऊन बघ. सुपडे, हा पोरगा तुझ्या भावासारखा चालतो. प्रत्येक हाकेनंतर थोडं थांबतात, मान हलवतात आणि मग पुढचं बोलतात. मला पुन्हा काही ऐकू आलेलं नाही.

परवा मी पाणी पिऊन पेला ठेवत होते, तर त्यांनी सहज माझं माहेरचं नाव विचारलं. सांगायच्या आधी मला ते आठवावं लागलं. आईबाबा गेल्यापासून ते कुणी उच्चारलेलं नव्हतं. मास्तरांनी ते एकदा मोठ्याने म्हणून बघितलं, आणि माझ्या तोंडून ओ निघून गेली.