पेलेटला तंबाखूचा वास

मंडळी, बोलतेय मी, टाईप करतेय थोरली नात. तिने मधे स्वतःचं काही घुसडलं तर मला वाचता यायचं नाही, म्हणून तिच्यावरही डोळा ठेवून आहे.

घरात सून बाळंतीण. खोली ऊबदार राहावी म्हणून लेकाने पेलेटची शेगडी बसवली. पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या कांड्या. आज तो खडेबाजारातून नमुन्याच्या दोन पिशव्या घेऊन आला, एक पांढरट, एक तांबूस.

"दोन्ही पाईनच्याच, आई. मऊ लाकूड."

"व्हय रं, दुकानदारानं शपथ घेतली असंल!"

मी पांढरट कांडी नाकाला लावली. तंबाखू! तांबूस लावली. तीही तंबाखू! अख्खा जन्म तंबाखूच्या निपाणीत काढलाय मी. मेला तंबाखूच्या काड्या दळून लाकूड म्हणून विकतोय, आणि तो धूर माझ्या नातवाच्या नाकात?

"परत दे जा दोन्ही!"

सुनेने कांड्या मागून घेतल्या, हुंगल्या. "आत्ती, मला तर नुसता लाकडाचाच वास येतोय." मग माझं बोट धरून हुंगलं. "ह्याच बोटानं दाताला तंबाखूची मिश्री लावलीसा न्हवं?"

लेक हसून लोळला. दोन्ही पेटवून बघितल्या. पांढरटची राख कमी पडली, तीच ठेवली.

सून मात्र हसली नाही. दुपारी बाळाला मालिश करायला बसले, तर तिने तेलाच्या वाटीआधी साबण पुढे केला.

बायांनो, खरं सांगा, नातवंडाला घेण्याआधी तुमचे हात कुणी हुंगतं का?