सेल्फ खराब आहे

तुम्ही कधी स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरमागे बाई बसलेली बघितली आहे का? नाही ना? मग तलासरीच्या नाक्यावर आमच्या दुकानात पहिल्यांदा येणाऱ्या ड्रायव्हरचा चेहरा कसा होतो, ते तुम्हाला कळायचं नाही. तो आधी पाटी वाचतो, मग माझ्याकडे बघतो, मग परत पाटी वाचतो!

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. नमुना आणायचा. पार्टचं नाव माहीत असो नसो, गाडीतून जुना काढायचा, काउंटरवर ठेवायचा, तो बघून आम्ही नवा देतो. नवा हातात पडला की माणूस जुन्याकडे ढुंकून बघत नाही, तिथेच टाकून निघून जातो. म्हणून दुकानामागे घासलेले ब्रेक लायनर, तुटलेले यू बोल्ट, चपटलेले बुश, धक्के खाऊन खाऊन बसलेले शॉकअप यांचा ढीग साचतो. किश्शांचंही तसंच झालंय. माणसं येतात, काहीतरी बोलतात, टाकून निघून जातात. पार्टचा ढीग भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? म्हणून तुम्हाला सांगते.

*

मी या दुकानात आले ती पालघर जिल्हा झाला त्या सुमाराला. मुलीचं लग्न होऊन ती वापीला गेली होती. आमचे हे ट्रकवर, कायम लाईनवर. घरात मी एकटी. सकाळची कामं आटपली की पुढे दिवसभर करायला काही नसायचं. दोन भांडी मी उगाच परत घासायची.

दुकानाच्या शेठना बिलं लिहायला माणूस हवा होता. शेठ गुजराती, मराठी बोलतात पण त्यांच्या पद्धतीनं. मी म्हटलं, "शेठ, मला पार्टमधलं काही कळत नाही. मी नुसती दहावी."

"बेन, लिहितावाचता येतं ना? बस्स! पार्टची काळजी नको. नमुना स्वतः बोलेल."

पहिले सहा महिने एकही नमुना माझ्याशी बोलला नाही! सगळे मला सारखेच काळे आणि तेलकट दिसायचे. त्यामुळे मी नियम घट्ट धरून बसले. नमुना नाही तर पार्ट नाही.

एकदा उधव्याकडून एक जीपवाला आला. त्याला दरवाजाचं लॉक पाहिजे होतं.

"नमुना आणा."

"वैनी, तो निघत नाय. गंजलाय."

"मग काढा आणि आणा. शेठचा नियम आहे."

बिचारा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर एसटी स्टँडकडून एक दरवाजा चालत येतोय. खाली दोन पाय! या माणसानं लॉक निघेना म्हणून अख्खा दरवाजा बिजागऱ्यांतून काढला आणि डोक्यावर घेऊन आला.

"अहो, पण एसटीत घेतलं कसं?"

"कंडक्टरनं हाफ तिकीट फाडलं. बोलला, उभ्यानं येतोय, सीट नाय अडवली त्यानं!"

शेठ आतून म्हणाले, "बेन, उद्या कोणी चेसिस मागितली तर नमुना मागू नका!"

*

जो पार्ट गाडीतून काढता येत नाही, त्याचा नमुना म्हणजे आवाज. हे मला किसन मिस्त्रीनं शिकवलं. दुकानाला लागूनच त्याचं गॅरेज. ड्रायव्हर सांगतो, "किसनभाऊ, कट्‌कट् करते." किसन विचारतो, "वळताना का सरळ जाताना?" तेवढ्यावर तो सांगतो, क्रॉस गेलाय की व्हील बेअरिंग. मग मीही शिकले. काउंटरवर बसून दिवसभर आम्ही घुंईंऽऽ, खटाक्, किर्रर्र असं बोलत असतो. नवीन माणसाला वाटेल, यांना काहीतरी झालंय.

बोर्डीहून एक चिकूवाडीवाले काका आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, जुनी पण चकचकीत गाडी. म्हणाले, "गाडी सकाळी सकाळी आवाज करते."

"कसा?"

"आवाज करते म्हणजे... आवाज."

"करून दाखवा ना."

काकांनी आजूबाजूला बघितलं. चार ड्रायव्हर उभे. समोरच्या धाब्यावरची माणसंही इकडेच बघत होती. काका घाबरत घाबरत, तोंडावर रुमाल धरून म्हणाले, "कुंईं."

"असा एवढाच?"

मग काकांनी रुमाल काढला, डोळे मिटले आणि गळा मोकळा करून म्हणाले, "कुंईंईंऽऽऽ!" धाब्यावरच्या बाकाखाली झोपलेलं कुत्रं ताडकन उठलं आणि मान वर करून त्यांच्या सुरात सूर मिळवायला लागलं!

शेठ जागेवरून न उठता म्हणाले, "फॅन बेल्ट आपो. आता तर दोघांनी सांगितलं!"

*

आता आमच्या ह्यांच्याविषयी सांगते.

आमचं फोनवरचं बोलणं ठरलेलं. मी विचारायची, "जेवलात?" हे म्हणायचे, "हो." "कुठे आहात?" "गाडीवर." मग दोघं गप्प. मग हे म्हणायचे, "ठेवू?" मी म्हणायची, "ठेवा." लग्नाला इतकी वर्षं झाली, भांडण नाही, राग नाही. पण मुलगी घरात होती तोवर ती मधे बोलायची. ती गेली आणि आम्हा दोघांकडे विषयच उरला नाही.

एकदा दुकानात ओळीनं तीन गाड्यांची गेलेली सेंटर बेअरिंग आली, गाडीखालच्या लांब दांड्याला मधोमध धरतात ती. रात्रीचं जेवण झालं की ह्यांचा फोन यायचा, तसा आला. मी सवयीनं म्हटलं, "जेवलात?" आणि पुढे काय सुचलं कोण जाणे, विचारलं, "तुमचं सेंटर बेअरिंग कधी बदललंय?"

मला वाटलं, फोन कट झाला.

मग हे म्हणाले, "का गं?"

"नाही, या वेळी रस्ता खराब आहे. सगळ्यांची जातायत."

आणि मग हे बोलायला लागले! सेंटर बेअरिंगवरून किंगपिनवर गेले, किंगपिनवरून कमानीच्या पाट्यांवर. अहमदाबादच्या अलीकडे एकदा पाटा कसा तुटला, दोरीनं बांधून गाडी कशी आणली, त्या वेळी मुलगी केवढी होती, तिला ताप होता म्हणून घरी पोचायची कशी घाई होती. यातलं मला त्या वर्षी कोणी काही सांगितलंच नव्हतं.

फोन ठेवला तर लगेच मुलीचा आला. "आई, किती वेळ बाबांचा फोन एंगेज! कोणाशी बोलत होते?"

"माझ्याशी."

"एवढा वेळ? काय बोलत होतात?"

"सेंटर बेअरिंग," मी म्हटलं.

मुलगी घाबरून म्हणाली, "आई, तुझी तब्येत बरी आहे ना?"

*

बोलणं वाढलं, पण येणं नाही. त्याचं कारण सेल्फ. सेल्फ म्हणजे ज्याच्यामुळे चावी फिरवली की इंजिन सुरू होतं तो पार्ट. तो बिघडला की ट्रक धक्का मारूनच चालू करावा लागतो. आणि भरलेल्या ट्रकला धक्का कोण मारणार? म्हणून असे ड्रायव्हर इंजिन बंदच करत नाहीत.

मुलीच्या लग्नानंतर हे एकदाच घरी राहिले होते. संध्याकाळभर उंबऱ्यावर बसून होते. जेवताना म्हणाले, "घर केवढं मोठं झालंय." सकाळी निघून गेले. त्यानंतर सेल्फ खराब झाला.

तेव्हापासून आमची भेट म्हणजे अशी. हायवेच्या कडेला, दुकानासमोर, इंजिन चालू ठेवून गाडी उभी. हे केबिनमध्ये, मी खाली. मी डबा आणि धुतलेले कपडे वर द्यायची, हे मळके खाली द्यायचे. "घरी येता का थोडा वेळ?" असं मी दर वेळी विचारायची. "कसा येऊ? सेल्फ खराब आहे ना!" म्हटलं, की निघाले अच्छाडकडे, गुजरातच्या हद्दीवर. जे काय बोलायचं ते ओरडून. मोठ्या गाडीचं इंजिन ते!

मुलीकडे गोड बातमी होती तेव्हाची गोष्ट. हे आले. मी खालून म्हटलं, "तुम्ही आजोबा होणार!"

"काय?"

"आजोबा! आजोबा होणार!"

"आवाज येत नाही!"

मी दोन्ही हात तोंडाशी धरून जीव खाऊन ओरडले. पंक्चरवाल्यानं हातातलं टायर खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. धाब्यावरून कोणीतरी "अभिनंदन काकी!" म्हटलं. किसन गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि म्हणाला, "वहिनी, पेढे!" शेठ तर मिठाई आणायला निघालेसुद्धा. सगळ्या नाक्याला कळलं, ह्यांना सोडून!

हे वरून हात हलवून म्हणाले, "बरं, बरं. फोनवर सांग!"

*

मग आमच्याकडे भूकंपाचे धक्के बसायला लागले. तुम्ही ऐकलं असेल. डहाणू, तलासरीची माणसं तेव्हा घराबाहेर झोपायची.

एका दुपारी मोठा धक्का बसला. दुकानात नटबोल्टचे सगळे डबे एकदम खुळखुळले. आम्ही रस्त्यावर पळालो. किसन एका टेम्पोखाली होता. तो आतूनच चिडून ओरडला, "अरे, जॅक लावलाय! गाडीवर कोण चढलंय?"

दुसऱ्या दिवशी डोंगराकडचा एक म्हातारा शेतकरी आला. काउंटरवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मी म्हटलं, "बाबा, कुठल्या गाडीचं पाहिजे?"

"गाडी नाय. घराला बसतील असे शॉकअप आहेत का?"

कोणी हसलं नाही. तो खरंच विचारत होता. शेठनी त्याला चहा पाजला.

त्या धक्क्याच्या संध्याकाळी मी घरी गेले तर शेजारीण दारातच उभी. "अगं, आम्ही किती हाका मारल्या! तुझ्या घरात माणसं बोलत होती, आणि बाहेर कोणी येईना. आम्ही दार बडवून बडवून थकलो!"

काय सांगणार तिला? मी दुकानात निघताना टीव्ही चालू ठेवूनच कुलूप लावते. संध्याकाळी कुलूप उघडताना आतून कोणीतरी बोलताना ऐकू आलं की बरं वाटतं. त्या दिवशी सगळी आळी टीव्हीतल्या माणसांना बाहेर काढत होती!

ह्यांचा फोन आला. "आत झोपू नकोस. अंगणात झोप."

मी म्हटलं, "तुम्ही या ना."

"येतो. बघतो. सेल्फचं काहीतरी करायला पाहिजे."

*

दर दिवाळीला शेठ मला साडी देतात. त्या दिवाळीला मी म्हटलं, "शेठ, साडी नको. सेल्फ द्या."

"शूं?"

"सेल्फ. आमच्या ह्यांच्या गाडीचा. वापरलेला असला तरी चालेल."

शेठ म्हणाले, "बेन, दिवाळीला बायका सोनं मागतात!"

पण त्यांनी दिला. आतली वायंडिंग नवी करून, रंग मारून, वर कुंकवाचं बोट लावून.

दिवाळी संपल्यावर हे आले. गाडी रिकामी, पुढचा माल दोन दिवसांनी भरायचा होता. नेहमीसारखी समोर उभी केली, इंजिन चालू. मी या वेळी डबा केलाच नव्हता. दोन्ही हातांनी सेल्फ उचलून दाखवला.

"काय आहे?"

"सेल्फ! तुमच्यासाठी!"

हे त्याच्याकडे बघत राहिले. "कशाला आणलास?"

तोवर किसन पाने घेऊन आला. "दादा, उतरा खाली. इंजिन बंद करा, अर्ध्या तासात बसवतो."

"बंद केली तर मग धक्का कोण मारणार?"

"दादा, नवीन बसवल्यावर धक्का कशाला?"

हे उतरेनात. शेवटी किसनच दुसऱ्या दारानं वर चढला आणि त्यानं इंजिन बंद केलं.

इतक्या वर्षांत त्या जागेवर ती गाडी कधी गप्प झाली नव्हती. धाब्यावरच्या पंख्याची कुरकुर मला पहिल्यांदा ऐकू आली. काढायच्या आधी एकदा बघावं म्हणून किसननं चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. त्यानं बंद केली. परत फिरवली. परत एका झटक्यात.

"वहिनी, सेल्फ तर चांगला..." किसन म्हणाला आणि थांबला.

त्यानं ह्यांच्याकडे बघितलं. हे स्टिअरिंगकडे बघत होते.

दुकानातून शेठनी विचारलं, "शूं थयूं?"

किसननं इंजिन बंद केलं आणि हळू आवाजात मला विचारलं, "काढू की राहू दे?"

"काढ," मी म्हटलं. "नमुना लागेल."

त्यानं जुना काढून आणला, काउंटरवर ठेवला. मी शेजारी दुसरा ठेवला, नियमाप्रमाणे दोन्ही जुळवून बघितले. बोल्टची भोकं तीच, दाते तेच. मग दोन्ही उचलून काउंटरखालच्या कपाटात ठेवले आणि कपाटाला कुलूप लावलं.

"उद्या बसव, किसन."

हे केबिनमधून उतरले. "आणि मी आता जाऊ कसा?" न ओरडता विचारलं. ह्यांचा आवाज जरा म्हातारा झालाय, हे मला समोरासमोर तेव्हा कळलं.

"घर लांब नाही. चालत जाता येतं."

आम्ही चालत गेलो. मी कुलपाला चावी लावली तसा ह्यांनी माझा हात धरला.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "टीव्ही आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात निघाले तेव्हा टीव्ही बंद होता, हे आत झोपलेले होते, आणि मी दार नुसतं लोटून घेतलं.