हौसाक्का आणि गोठ्यातला डबा

मी गायीचं औषध खाल्लेलं आहे. चुकून नव्हे, चांगलं गुळाच्या खड्याबरोबर, रोज सकाळी चमचाभर. वर पदराने तोंड पुसून, जणू साजूक तुपातला शिरा खाल्ला.

त्याचं असं झालं. राजुरीला आमच्या सासरी एक जर्सी गाय होती. डॉक्टरकडून भरवून घेतली तरी उलटायची, म्हणजे पुन्हा माजावर यायची, गाभण काही राहायची नाही. जनावरांच्या डॉक्टरने मिनरल मिक्श्चरचा डबा दिला, खुराकात मिसळायला सांगितलं, आणि पुढच्या खेपेला गाय गाभण राहिली. घरात आनंदीआनंद. माझ्याही लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलत नव्हता. मला वाटलं, तिला लागू पडलं ते मला का नाही पडणार? अशी माझी अक्कल! आज नातसुनेच्या फ्रिजवर गोळ्यांच्या रंगीत बाटल्यांची रांग दिसते. कुठली मोबाइलवर बघून मागवलेली, कुठली मैत्रिणीने सुचवलेली. मी तिला हसत नाही. मला हसायचा हक्कच नाही. मला फक्त हौसाक्का आठवते.

हौसाक्का माझी थोरली जाऊ. गेल्या वर्षी गेली. तिला बसलेलं कुणी पाहिलं नाही. जेवायची उभ्याने, चहा प्यायची चालता चालता. तिच्याशी बोलायचं तर मागे पळावं लागे. अर्धं वाक्य चुलीपाशी, उरलेलं गोठ्यात. "आक्का, टेका की जरा," म्हटलं की म्हणायची, "टेकल्यावर काय, मुळ्या फुटत्यात."

तिने एका सकाळी मला डब्यात चमचा घालताना पकडलं. आधी इतकी हसली की गव्हाणीला धरून उभी राहिली. "आगं, उद्या हंबरशील! धारंला कुनाला बसवू?" मग माझ्या हातातला चमचा घेतला आणि कोपऱ्यात भिरकावला.

"मीबी लई खाल्लं, बये. अंगारा खाल्ला, मुळ्या उगाळून प्यायले, शक्तीच्या बाटल्या रिचवल्या. तुझ्या भायाला, माझ्या धन्याला, मातुर कुनी एक गोळी दिली न्हाई, की तपासलं न्हाई. आता मूल व्हायचं वय गेलं." आणि गायीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बसलं की बाया पोटाकडं बघत्यात. चालतीला कोन बघतंय?"

मी रडायला लागले, कारण त्याच आठवड्यात सासूबाईंनी पिंपरी पेंढारला एक मुलगी बघून ठेवल्याचं माझ्या कानावर आलं होतं. आमच्या ह्यांच्यासाठी. म्हणजे मी धुणीभांड्यांना राहायचं आणि पाळण्याला दुसरी यायची.

हौसाक्का गोठ्यात येरझाऱ्या घालत होती. ढोरांच्या डॉक्टरकडे वळूच्या बीजाची कांडी असते, ती तिने कैकदा पाहिलेली. थांबली आणि म्हणाली, "गाय उलटली तर डॉक्टर म्हनतो, आवंदा कांडी बदलून बघू. मानसात मातुर थेट गायच बदलत्यात."

दुसऱ्या दिवशी तिने कंबर धरून दुखण्याचं सोंग केलं. सोबतीला दीर हवा, आणि बाईमाणूस म्हणून मीही हवी, अशा थाटात आम्हा दोघांना आळेफाट्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. एसटीत जागा असून उभी. दवाखान्याच्या दारात आमचे हे घुटमळले, तर मागून ढकलत म्हणाली, "भावजी, आत चला. तुमच्या वहिनीची कंबर बरी हाये. तपासायचं तुमालाच हाये."

तपासण्या झाल्या. दोष थोडा माझ्यात निघाला, रक्त कमी होतं, बराचसा ह्यांच्यात. डॉक्टरीणबाईंनी ह्यांना तंबाखू सोडायला सांगितली, काही गोळ्या दिल्या. मला लोहाची आणि फॉलिक ॲसिडची गोळी. "ह्या मूल होण्याच्या गोळ्या नाहीत," त्यांनी बजावलं. "मदत झाली तर होईल. तुमची ही फॉलिकची, दिवस राहिलेच तर बाळाच्या वाढीसाठी. आणि जनावरांचं औषध पुन्हा खाल्लंत तर मला तोंड दाखवू नका."

ह्यांनी आपल्या गोळ्या लपवल्या कुठे, तर त्याच गोठ्यातल्या डब्यामागे. रोज सकाळी हौसाक्का तांब्या घेऊन उभी. "भावजी, आ करा." हे तोंड वाकडं करत, पण करत. महिने जात होते, काही घडत नव्हतं. गाय व्याली, कालवड झाली. माझ्या जिवाला मात्र घोर; दारात मोटारसायकल वाजली की वाटे, आले पिंपरीचे.

आणि आलेच. मुलीचा बाप आणि मामा. मी आत चहा ओतून ट्रे उचलला. हौसाक्काने ट्रे माझ्या हातातून ओढला, बाहेर नेला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पावणं, चहा घ्या. आमच्या भावजींचं मूल व्हायचं औषध चालू हाये. गुन आला तर आमाला दुसरी सून नको, न्हाई आला तर तुमची लेक येऊन करनार काय?"

पाहुण्यांनी चहा तसाच ठेवला. सासूबाई पुढे कितीतरी दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. हे तर आठवडाभर मळ्यातच झोपले. पण पिंपरीचं कुणी पुन्हा आलं नाही.

मला दिवस राहिले. गोळ्यांमुळे, तंबाखू सुटली म्हणून, की राहायचेच होते म्हणून, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. मुलगी झाली. सासूबाई "बरं" म्हणून बाहेर गेल्या, आणि मी शहाणी, एवढा जीव काढून मिळवलेल्या लेकीकडे बघून मुसमुसायला लागले. हौसाक्का आत आली. पोरीला उचललं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यादेखत, खाटेच्या कडेला, मांडी घालून बसली.

"रडतीस काय, बये? गायीला कालवड झाली तवा ह्याच घरानं आळीभर पेढं वाटलं व्हतं. जा, सांग त्यांना, पेढं आना. पेढं येईस्तवर मी हितनं उठत न्हाई."