राऊत मॅडमनी रिकामी केलेली जागा

राऊत मॅडमनी माझ्यासाठी नोकरी सोडली, आणि मी वर्षभर त्यांच्याशी बोलले नाही.

आज पहाटे त्या गेल्या. तारापूर गावात, स्वतःच्या घरी, झोपेतच.

सकाळपासून एकही काम सुचत नाहीये. डोळ्यांपुढे सारखी आमच्या बोईसरच्या कॉलेजची स्टाफरूम येतेय. दुपारची सुस्त वेळ, पश्चिमेची खिडकी उघडी, खारा वारा येतोय आणि त्या वाऱ्यात बसल्या बसल्या सगळेजण हळूहळू म्हातारे होताहेत.

खरं तर तसंच झालं होतं.

कॉलेज निघालं तेव्हा सरकारने सगळ्या पोस्ट एकदम मंजूर केल्या. एकाच उन्हाळ्यात नऊजण लागले, सगळे चोवीस-पंचविशीचे. बॉटनीच्या राऊत मॅडम त्यांत सगळ्यात लहान. पहिल्याच दिवशी शिपायाने "ए मुली, वर्गात जा, इथे काय करतेस?" म्हणून त्यांना स्टाफरूममधून हाकललं होतं!

मग सगळ्यांची लग्नं लागोपाठ. मुलं लागोपाठ. चष्मेसुद्धा म्हणे एकाच वर्षी लागले.

आणि त्यानंतर भरतीच बंद.

मी शिकवायला लागले तेव्हा त्या खोलीत दोनच वयं उरली होती. पन्नाशीला टेकलेले परमनंट, आणि तासिका तत्त्वावरचे आम्ही पोरंपोरी. मधलं कोणी नाहीच.

"चाळिशीच्या आतला परमनंट प्रोफेसर दिसला तर सांग गं हेमा," मॅडम म्हणायच्या, "हर्बेरियममध्ये वाळवून ठेवू, दुर्मिळ जात आहे."

तासिका तत्त्व म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. वर्ष संपलं की तुमची नेमणूक संपली. जूनमध्ये त्याच कामासाठी परत इंटरव्ह्यू.

टेबलाच्या पलीकडे कोण? मला एफवायपासून शिकवणाऱ्या, माझ्या घरी बसून बोंबील खाणाऱ्या राऊत मॅडम.

चेहरा एकदम गंभीर. "आपलं नाव?"

"हेमा तामोरे."

"बॉटनीच का घेतलंत?"

"तुमच्यामुळे, मॅडम."

"गेल्या वर्षीपण हेच सांगितलंत," म्हणायच्या आणि खाली मान घालून मार्क देत बसायच्या.

मुरब्याला, आमच्या गावी, माझी आई वैतागायची. "परत इंटरव्ह्यू? दरवर्षी नापास व्हते का गो तू?"

काय सांगणार तिला? कपाळ!

मग एका वर्षी कुणकुण लागली, की सरकार रिकाम्या जागा भरायला परवानगी देणार. पण रिकाम्या असतील तरच. मॅडमच्या रिटायरमेंटला अजून तीन वर्षं होती.

आणि या बाईने कुणालाही न विचारता स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देऊन टाकला. घरच्यांनासुद्धा मागाहून कळलं.

मला म्हणाल्या, "माझी जागा आता यादीत जाईल. बस तू तिथे."

परवानगी आली. अट अशी, की ठरावीक तारखेपर्यंत रिकाम्या झालेल्याच जागा भरायच्या. ती तारीख मागची निघाली. मॅडमची निवृत्ती तिच्या नंतरची.

संपलं. मॅडम घरी, मी तासिकेवर, आणि जागा कुणाचीच नाही.

मी फोनवर वाट्टेल ते बोलले. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे? मी मागितलं होतं का?"

आणि त्यांचं काहीही ऐकून न घेता मी फोन ठेवून दिला.

आज हे लिहिताना लाज वाटतेय. राग त्यांच्यावर नव्हताच हो. एवढं मोठं काहीतरी त्यांनी माझ्यासाठी केलं आणि ते पार फुकट गेलं, ते मला बघवत नव्हतं.

वर्षाने त्याच आल्या मुरब्याला. आधी कळवलंही नाही. आईने चहा दिला, तो पिऊन म्हणाल्या, "चल, खाडीवर जाऊ. ओहोटी आहे."

चपला हातात घेऊन चिखलातून चालत होतो दोघी. तिवरांना बारीक पिवळी फुलं आलेली. सगळीकडे ओल्या चिखलावर ऊन पडलेलं आणि मधमाश्यांचा एकसारखा आवाज. मला वाटलं, हे असंच चालू राहावं, कुठे पोचूच नये.

मग त्या थांबल्या. "चुकलं गं माझं. आयुष्यभर सरकारी कागद वाचले, आणि एक तारीख कळली नाही मला."

मी तिथेच, घोटाभर चिखलात, त्यांच्या गळ्यात पडून रडले.

त्यानंतर पेपरात भरतीचं काहीही छापून आलं, की त्यांचा फोन. "जाहिरात आली का?"

"नाही, मॅडम."

"येईल."

दरम्यान त्या नवातले उरलेले आठही रिटायर झाले, तेही लागोपाठ. खिडकी तीच आहे. तिच्यापाशी आता आम्ही तासिकावाले बसतो आणि एकमेकांचे पांढरे केस मोजतो. मी त्रेचाळीस वर्षांची आहे.

पंधरा दिवसांपूर्वी तारापूरला गेले होते. मॅडम अंथरुणावर, अगदी एवढ्याशा झालेल्या. मी हात हातात घेतला. त्यांनी डोळे उघडले, आणि मला ठाऊकच होतं त्या काय विचारणार.

"जाहिरात?"

तोंडातून निघून गेलं. "आली, मॅडम. बॉटनीची एक जागा. तुमचीच."

"अर्ज?"

"भरला."

डोळे मिटून कितीतरी वेळ हसत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे अगदीच वाया नाही गेलं."

"नाही, मॅडम."

जाहिरात आलेली नाही.

मॅडम, तुमच्याशी एवढं एकच खोटं बोलले. निवांत जा. भरल्या डोळ्यांनी नमस्कार.